नाव सांग बघू

नवं हजेरीपुस्तक मी दर वर्षी स्वतः जाऊन आणते. ऑफिसच्या बाकीच्या सामानाबरोबर शिपाईमामा ते सहज आणतील, पण आठवीच्या वर्गाचं पुस्तक मला माझ्या हातांनी उघडून बघायचं असतं. शाई फुटणारा कागद नको, रेघा पुसट नकोत, बांधणी मार्चपर्यंत टिकायला हवी. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बस धरून बेळगावला जायचं, गणपत गल्लीच्या गर्दीतल्या ओळखीच्या दुकानात तीन-चार पुस्तकं चाळायची, एक निवडायचं, निळ्या शाईची दोन पेनं घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. माझं वर्ष तिथून सुरू होतं. घंटा नंतर वाजते.

यामागे एक जुनं दुखणं आहे, ते आधी सांगून टाकते. १९८९ साली माझं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड हातात आलं, तेव्हा त्यावर माझ्या नावातलं जोडाक्षर मोडलेलं होतं. कुणी मोडलं ते सांगता येणार नाही. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवताना कुठंतरी, कुणाच्या तरी घाईत झालं असेल. बाबा म्हणाले, मार्क चांगले पडलेत ना, नावाचं नंतर बघू. ते नंतर आज ३६ वर्षं चाललंय. कॉलेज, बी.एड., नोकरीचा आदेश, बँक, आधार, प्रत्येक ठिकाणी एकतर मोडकं नाव निमूट लिहायचं, नाहीतर स्टॅम्प पेपरवर 'ह्या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच' असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. अशी प्रतिज्ञापत्रं माझ्या कपाटात एका वेगळ्या फाइलमध्ये आहेत. माझ्या आयुष्यातल्या छापील कागदांपैकी एका लग्नपत्रिकेवर तेवढं माझं नाव बरोबर आहे, कारण तिचं प्रूफ आईनं वाचलं होतं.

म्हणून मी मुलांची नावं जपते.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका लहान पेठेच्या गावात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. इथंच शिकले, आता इथंच शिकवते. आमच्याकडे हायस्कूल म्हणजे आठवी, नववी, दहावी, अशी तीनच वर्षं. मूल सातवीपर्यंतची शाळा आपल्या गावात करून येतं आणि बघता बघता मार्क्स कार्ड घेऊन निघून जातं. नावात काही चूक असेल तर ती धरायला आमच्या हातात एवढाच वेळ असतो. एकदा एसएसएलसीच्या अर्जावर जे गेलं ते गेलं.

आमची शाळा मे संपायच्या आत उघडते. माझी बहीण डोंगरापलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली आहे. तिच्या मुलांची शाळा जूनच्या मध्यावर भरते. आमची पोरं नव्या वर्गात बसलेली असतात तेव्हा तिची पोरं अजून फणसाच्या झाडाखाली असतात. भाचा दर वर्षी फोनवर तेच विचारतो, "मावशी, तुमची सुरू पण झाली?" ऑक्टोबरात उलटं. आमच्याकडे दसऱ्याची मोठी सुट्टी, त्यांच्याकडे दिवाळीची. लहानपणी पलीकडे मामाच्या गावाला जायचं म्हटलं तर मामेभावंडं शाळेत, आणि ती आली तर आम्ही शाळेत. सीमाप्रश्नावर मोठ्या सभांतून पुष्कळ बोललं जातं. मला मात्र सीमा पहिल्यांदा कळली ती अशी, सुट्ट्या जुळेनात तेव्हा.

मेच्या शेवटी आमच्या भागात धूळवाफ पेरणी चालू असते. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेलेले, ढेकळं फुटलेली, जमीन वरून कोरडी. अशा कोरड्या मातीतच भात पेरून ठेवायचं आणि मग आभाळाकडे बघायचं. रोहिणीत थोडा पडला, मृगानं दगा दिला नाही, तर उगवण चांगली. नेमक्या ह्याच दिवसांत आम्ही मास्तर लोक गावोगाव फिरत असतो, कारण आठवीची मुलं आता आपोआप येत नाहीत. माझ्या वेळी आठवीच्या दोन तुकड्या होत्या आणि माझ्या तुकडीत आम्ही ५८ जण. यंदा तुकडी एकच, आणि मे महिन्यात माझ्या वहीत कच्ची नावं होती २२.

तेविसावं नाव एका शिवारात होतं.

त्या दिवशी मी आणि आमचे कन्नडचे सर त्यांच्या मोटरसायकलवरून गेलो होतो. सर बैलहोंगलकडचे. त्यांचं मराठी इथं येऊन शिकलेलं, पण शिकलेलं आहे हे महत्त्वाचं. गावात विचारलं तर कळलं, घरात कुणी नाही, सगळी रानात. रानात गेलो तर बैलजोडी पेरणीच्या कुरीला जुंपलेली, बाप बैलांमागे, आई चाड्यावर मूठ धरून चालतेय. मूठ किंचित उघडी. बोटांच्या फटीतून भाताचे दाणे एका लयीत सुटत होते, आणि ती आमच्याकडे न बघता बोलली, "टीचर, बसा की बांधावर. तास पुरा होऊ दे. मधेच हात सोडला तर तिथं मोकळं राहतंय."

आम्ही बसलो. सरांनी मूठभर माती उचलून बोटांत कुस्करली. "आमच्याकडं काळी," ते म्हणाले. "पाऊस पडला की चप्पल सोडत नाही. ही तांबडी, लगेच सुटते." शेतकऱ्याचं पोर शेतकऱ्याच्या बांधावर बसलं की काय होतं ते मी बघत होते. मुलगी जांभळीखाली धाकट्या भावाला घेऊन बसली होती. तिला आपण मंजुळा म्हणूया. तिचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, पण पुढं सांगणार आहे ती अडचण अगदी ह्याच अक्षराची होती.

पेरणीची ती ओळ संपल्यावर बाप आला. घाम पुसत उभ्याउभ्याच म्हणाला, "इंग्लिश मिडियमची गाडी दारात येते टीचर. तुमच्याकडं यायचं तर फाट्यापर्यंत चालायचं, मग बस. आणि मराठी शिकून करायचं काय? नोकरी कुठं हाय?"

हा प्रश्न मला दर वर्षी, दर बांधावर विचारला जातो. त्यात राग नसतो. पोराच्या काळजीनं माणूस विचारतो, म्हणून मीही सरळ उत्तर देते. मी त्याला म्हटलं, "दादा, नोकरीची हमी मी देत नाही, कुठलीच शाळा देऊ शकत नाही. पण सात वर्षं ही पोरगी मराठीतून गणित शिकलीय. आठवीत गणित, विज्ञान दोन्ही जड होतात. नेमकी त्याच वर्षी भाषा बदलली तर ती घोकेल, तिला समजणार नाही. इंग्रजी आमच्याकडे रोज आहे, कन्नडला हे सर आहेत."

सर लगेच म्हणाले, "कन्नड मी शिकवतो की. चांगलं शिकवतो."

बाप हसला. आई बिया ठेवलेल्या टोपलीशी वाकली होती, तिथूनच म्हणाली, "तिला इचारा की एकदा." मंजुळेनं मान वर केली नाही. भावाच्या पायातला काटा काढता काढता म्हणाली, "मला टीचरच्या शाळेत जायचंय."

"बघू," बाप म्हणाला. "पेरणी होऊ दे."

ह्या 'बघू'चा अर्थ दोन्हीकडे निघू शकतो. येताना सर मोटरसायकल चालवत काही बोलले नाहीत. मीही नाही.

मुलींच्या बाबतीत हल्ली एक बळ आलंय, ते इथं सांगितलंच पाहिजे. ११ जून २०२३पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायका-मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. त्याआधी आठवीत मुलगी घालायची की नाही ह्या हिशोबात पासाचे पैसेही असायचे, आणि घरात मुलगा-मुलगी दोन्ही असतील तर पास कुणाचा काढायचा ते ठरलेलं असायचं. आता मुलगी आधार कार्ड दाखवते, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. गर्दी वाढली, मुलं दारात लोंबकळतात, पुरुष मंडळी कुरकुरतात, सगळं खरं. पण माझ्या वर्गात पावसाळ्यातही मुलींची हजेरी टिकायला लागली. त्याआधी २००६-०७पासून आठवीला सरकारी सायकल मिळायची. आठवी म्हणजे सायकल, असं पोरांच्या मनात घट्ट बसलं होतं. शाळेच्या मागं एका रांगेत लावलेल्या त्या सारख्या रंगाच्या सायकली, आणि आपली कुठली ते ओळखायला प्रत्येकीनं हँडलला बांधलेली वेगळी रिबन. करोनाच्या वर्षापासून ते थांबलं. सायकली परत आल्या पाहिजेत, कारण आमच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर बस पोचतच नाही.

आणि काही गावं बस, सायकल दोन्हीच्या पलीकडची. भीमगडच्या जंगलातली गवाळी, पास्टोली, कोंगळा, अमगाव ही नावं पावसाळा आला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दिसायला लागतात, कारण नाल्यांना पाणी येतं आणि वाट तुटते. लोक मेमध्येच तांदूळ, मीठ, चटणी, सरपण भरून ठेवतात. तिकडचं मूल हायस्कूलला यायचं म्हणजे घर सोडून यायचं, आत्याकडे, मावशीकडे, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या सोप्यात. तेरा वर्षांचं पोर ट्रंक घेऊन येतं. ट्रंकेत कपडे कमी असतात, आईनं दिलेलं जास्त. एका वर्षी एका मुलानं ट्रंकेतून काढून मला दोन मुठी वाळवलेली आमसुलं दिली होती, वर्तमानपत्रात बांधून. "आई म्हणाली, टीचरला दे. माझ्यावर लक्ष ठेवा म्हणाली." ती पुडी मी किती दिवस उघडली नाही.

शाळेचा पहिला दिवस आता प्रारंभोत्सव म्हणून साजरा होतो. दाराला आंब्याचं तोरण, अंगणात रांगोळी, आलेल्या मुलांना फूल, दुपारी भात-सांबाराबरोबर काहीतरी गोड. शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, अक्षर दासोहच्या मावश्या सकाळी आठालाच येऊन चूल पेटवतात आणि शिरा भाजल्याचा वास वर्गावर्गांतून फिरतो. मला तो दिवस आवडतो. त्याविषयी जास्त लिहीत नाही, कारण पाहुणे आणि फोटो ह्यांतच तो संपतो.

खरा दिवस दुसरा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी आठवीत जाते ती नवं पुस्तक घेऊन, आणि छापील यादी मुद्दाम ऑफिसातच ठेवून. दार लावत नाही. टेबलाशी बसते, पेनाचं टोपण काढते आणि पहिल्या बाकावरच्या पहिल्या मुलाला म्हणते, "नाव सांग बघू. पूर्ण. मोठ्यानं."

सुरुवातीला कुणाचाच आवाज फुटत नाही. गावाकडे ह्या मुलांना पूर्ण नावानं कुणी हाक मारलेली नसते. बाळ्या, पिंटू, छकुली, आक्काताई, नाहीतर नुसतंच 'अगे' आणि 'अरे'. पूर्ण नाव फक्त दाखल्यावर असतं. ते पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारताना मुलं एकदम ताठ होतात. कुणी बापाचं नाव घेताना अडखळतं. घरात आईनं ते कधी घेतलेलं नसतं, म्हणून मुलालाही संकोच वाटतो. कुणाचा बाप नसतो, आणि त्याचं नाव घेताना आवाज बदलतो, ते कळतं. मी घाई करत नाही. एकेक नाव ऐकते, लिहिते, पुस्तक मुलाकडे फिरवते आणि विचारते, "असंच ना?" मुलं वाकून आपलं नाव बघतात. काही जण बोट ठेवून बघतात. २२ नावांना अख्खा तास जातो. गणिताचे सर कधी कधी दारात येऊन थांबतात, मग हसून परत जातात.

त्यानंतर मी ऑफिसात येते आणि छापील यादी काढून एकेक नाव ताडून बघते. तिथून खरं काम सुरू होतं.

आमच्याकडच्या मुलाचं नाव किती घाटांतून जातं ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आई-बाप ते मराठीत ठेवतात. जन्मदाखला बहुतेक वेळा कन्नडमध्ये होतो. आधारवर ते इंग्रजीत जातं. शाळेच्या सॅट्स नोंदीत, म्हणजे संगणकावरच्या सरकारी विद्यार्थी-नोंदीत, पुन्हा इंग्रजीतून भरलं जातं. आणि सात वर्षांनी कुणीतरी त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठीत लिहितं. ज्ञानेश्वर घ्या. दर दोन-तीन वर्षांनी एखादा ज्ञानेश्वर वर्गात असतोच. आपण द्न्य म्हणतो, म्हणून बाप इंग्रजीत डी-एन-वाय लिहून आणतो. कन्नडच्या सवयीनं लिहिणारा जे-एन-ए लिहितो. एका कागदावर हा, दुसऱ्यावर तो, आणि स्कॉलरशिपच्या वेळी संगणक म्हणतो ही दोन वेगळी मुलं आहेत. बाप कामाचा दिवस मोडून तालुक्याला खेटे घालतो, एका अक्षरासाठी. तेव्हा तो ज्या तोंडानं खिडकीपुढे उभा असतो, त्या तोंडानं माझे बाबा कधी उभे राहिले नाहीत, मी राहिले आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर तीन रकाने आखलेला कागद असतो. मराठीत काय, कन्नडमध्ये काय, इंग्रजीत काय. तिन्ही जुळेपर्यंत मी तो कागद उचलत नाही.

ह्या आठवड्यात १ जून येतो.

१९८६च्या जूनमध्ये मी आठवीत गेले. नवा पांढरा ब्लाउज, निळा परकर, रिबिनी, सगळं आदल्या रात्री खुंटीला लावून ठेवलं होतं. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनानं बेळगावचा सगळा भाग तेव्हा पेटलेला होता. गोळीबार झाला, माणसं गेली. बाबांनी रेडिओ बंद केला आणि आईला म्हणाले, पोरीला घरातच ठेव. माझा गणवेश किती तरी दिवस त्या खुंटीलाच होता. रोज संध्याकाळी मी तो काढून बघायची आणि परत लावायची. दर १ जूनला बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकापाशी माणसं जमतात, हुतात्म्यांना अभिवादन करतात. मी कधी जाऊ शकले, कधी नाही, पण ती तारीख आणि तो खुंटीवरचा गणवेश माझ्या मनात एकत्रच आहेत.

तेव्हा मला वाटायचं, आपल्याला कन्नडची भीती वाटते. पुढं कळलं, भीती भाषेची नव्हती. आपली भाषा काढून घेतली जाईल ही ती भीती होती. शिकायला मिळालं तेव्हा मी कन्नड आनंदानं शिकले. बसचा फलक वाचायला, दवाखान्यात आईचं दुखणं सांगायला, बाजारात शेजारणीशी दोन शब्द बोलायला ती लागतेच, आणि गोड आहे. २०१५च्या कायद्यानं ती शाळेत सक्तीची झाली. माझी मुलं ती मन लावून शिकतात. मराठी ही त्यांची पहिली भाषा. एसएसएलसीच्या ६२५ गुणांतले १२५ मराठीचे आणि बाकी प्रत्येक विषयाचे १००. आठवीच्या पहिल्या आठवड्यात मी हे फळ्यावर लिहून दाखवते. बेंगळूरहून येणारी पुस्तकं सात माध्यमांत छापली जातात आणि त्यांत मराठी आहे, हेही सांगते. कोऱ्या पुस्तकाचं पहिलं पान मुलांना हुंगायला सांगते. मुलांना माहीत असायला हवं, की ती कुणाच्या मेहेरबानीवर इथं बसलेली नाहीत. मला ते फार आतून वाटतं.

कन्नडच्या सरांची हजेरी हा आमच्या शाळेतला एक सुंदर प्रकार आहे. कन्नडमध्ये शेवटच्या अक्षरातला अ पूर्ण म्हणतात, आपल्यासारखा गिळत नाहीत. त्यामुळे सर हजेरी घेतात तेव्हा गणेशचा गणेशा होतो, महेशचा महेशा, संतोषचा संतोषा. पहिल्या दिवशी मुलं चमकून एकमेकांकडे बघतात. कारण मराठीत अशी हाक शाळेत कुणी मारत नाही. अशी हाक आई मारते, तिन्हीसांजेला, दारात उभी राहून. भीमगडकडचा तो ट्रंकवाला मुलगा मला एकदा म्हणाला होता, "टीचर, सर नाव घेतात ते मला आवडतंय." का ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मंजुळा पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या पुस्तकात बाविसाव्या नावाखाली मी एक रेघ मोकळी सोडली होती. चाड्यावरचा हात सोडला तर तिथं मोकळं राहतं, ते तिच्या आईचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. सहाव्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं, आणि बाप-लेक शाळेच्या पायरीवर उभी. बापाच्या धोतराच्या सोग्याला अजून माती. "पेरणी झाली," तो म्हणाला. एवढंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेली टीसी माझ्या हातात दिली, ऑफिसात अर्जावर सही केली, सही करताना दोनदा पेन नीट धरलं, आणि पाऊस यायच्या आत जायला हवं म्हणून निघाला. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता त्याला, पण सगळ्यांसमोर अवघडला आणि तिच्या दप्तराचा बंद सारखा करून गेला.

टीसीवर मराठीत लिहिलं होतं, मंजुला.

"नाव सांग बघू," मी म्हटलं.

"मंजुळा," ती म्हणाली. अगदी हळू, पण ळ ठसठशीत. "आज्जीचं ठेवलंय."

इंग्रजीत ळ नाही. आधारवर तो ल होऊन गेला आणि तिथून परत मराठीत येताना ल म्हणूनच आला. आज्जीचं नाव नातीपर्यंत पोचेतो एक अक्षर बदलून गेलं होतं. मी तीन रकान्यांचा कागद काढला. मराठीत ल, इंग्रजीत ल. कन्नडच्या रकान्यासाठी जन्मदाखल्याची झेरॉक्स काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या सरांना दाखवली. मी वाचू शकत होते, पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मंजुळा," ते म्हणाले. "बरोबर हाय की. ळ हाय."

मराठी शाळेतल्या मराठी मुलीच्या नावातला ळ मराठी कागदावरून पुसला गेला होता आणि कन्नड कागदानं तो तेरा वर्षं जपून ठेवला होता. मी ती झेरॉक्स हातात धरून बसले. ह्या अक्षरासाठी मी उगाच हळवी होत नाही. आमच्या जिल्ह्याच्या नावातच ते आहे. २०१४च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, आमच्या तोंडी बेळगावच आहे आणि राहील. ह्या नावावरून माझ्या सगळ्या हयातीत भांडण चाललंय. पण त्या दोन्ही नावांत मधला ळ तसाच आहे, आणि तो इंग्रजीत लिहिता येत नाही.

सरांनी आपणहून दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. "कन्नडमध्ये लिहितो, लवकर होईल," म्हणाले. जन्मदाखला आधार म्हणून जोडायचा, हेडमास्तरांची सही, मग वरच्या ऑफिसात. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. मंजुळा टेबलाच्या कडेला उभी राहून त्यांच्या पेनाकडे बघत होती. आपल्या नावाचे गोल गोल आकार कागदावर उमटताना तिचे ओठ हलत होते.

मग मी पुस्तक उघडलं. मोकळ्या रेघेवर तिचं नाव लिहिलं, आज्जीच्या अक्षरासकट, आणि पुस्तक तिच्याकडे फिरवलं. तिनं बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली.

पाचवा तास कन्नडचा होता. तोवर पाऊस सुरू झाला. आमच्या कौलांवर पहिला मोठा पाऊस वाजायला लागला की वर्गात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी व्हरांड्यात, ओल येते तिथं पोतं टाकत होते. आत सरांनी हजेरी सुरू केली. गणेशा, महेशा, एकेक नाव घेताना आवाज चढवत चालले होते. शेवटच्या नावाशी ते थांबले. पावसाची सर जरा उतरायची वाट बघितली, आणि मग म्हणाले,

"मंजुळा."

"हजर, सर," आतून मोठ्यानं आवाज आला.